कागदाचा साइज आणि फर्म्याचे माप
छापील फर्मे व खाके वापरणाऱ्या कारागीर आणि व्यापारी बंधूंसाठी

आपल्या समाजातील फार मोठा वर्ग शिलाई, जरीकाम, ठप्पा-छपाई, टोप्या, चामड्याच्या वस्तू अशा हातच्या हुन्नरांवर रोजी कमावतो. मुंबईतील मदनपुरा-धारावीचे कारखाने असोत, भिवंडी-मालेगावचा कापडबाजार असो, की गावोगावी घरी बसून मशीन चालविणाऱ्या आपल्या भगिनी असोत, या सर्वांच्या कामाची सुरुवात एकाच गोष्टीपासून होते. ती गोष्ट म्हणजे माप. कापड कितीही उंची असो, शिलाई कितीही साफ असो, माप चुकले की माल परत येतो.

पूर्वी उस्ताद स्वतः गत्त्यावर फर्मा आखून शागीर्दाच्या हाती देत असत. जरीकामाचा खाका कागदावर हातानेच उतरवला जाई. आता तो जमाना राहिला नाही. मुंबईचा, दुबईचा किंवा अमेरिकेचा गिऱ्हाईक मोबाइलवर पीडीएफ फाइल पाठवतो. आपण ती जवळच्या झेरॉक्सच्या दुकानात नेतो, पाचदहा रुपयांत कागद हातात येतो आणि त्यावरून कात्री चालते. सोय मोठी झाली यात शंका नाही. परंतु या सोयीत एक खोट लपलेली आहे आणि ती डोळ्यांना दिसत नाही. छापून आलेला कागद मूळ मापाचा आहे की नाही, हे नुसते बघून कोणालाही सांगता येत नाही. या लेखात त्याचाच विचार करावयाचा आहे.

कागदांची दोन घराणी

जगात आज कागदाच्या मापांची दोन घराणी चालतात. पहिले ए घराणे. आपण रोज वापरतो तो ए-४ कागद २१० मिलिमीटर रुंद आणि २९७ मिलिमीटर उंच असतो. त्याच्या दुप्पट ए-३, म्हणजे २९७ बाय ४२०. सर्वांत मोठा ए-० हा ८४१ बाय ११८९ मिलिमीटरचा असून त्याचे क्षेत्रफळ एक चौरस मीटर भरते. या घराण्याची खुबी अशी की, कोणताही कागद मधोमध दुमडला तर लगेच खालचा साइज मिळतो आणि लांबी-रुंदीचे प्रमाण जसेच्या तसे राहते. त्यामुळे ए-४ वरची नक्षी ए-३ वर न्यायची तर १४१ टक्के आणि उलट न्यायची तर ७१ टक्के, एवढे लक्षात ठेवले की पुरते. हे प्रमाण जर्मनीत १९२२ साली प्रमाण म्हणून ठरविण्यात आले आणि १९७५ साली ते आंतरराष्ट्रीय प्रमाण झाले. हिंदुस्थान, आखाती देश, इंग्लंड आणि युरोप येथे हेच घराणे चालते.

दुसरे घराणे अमेरिकेचे. तेथील लेटर साइजचा कागद साडेआठ बाय अकरा इंचांचा, म्हणजे २१५.९ बाय २७९.४ मिलिमीटरचा असतो. कॅनडातही तोच चालतो. ए-४ शी ताडून पाहिले तर लेटर सुमारे सहा मिलिमीटर जास्त रुंद आणि साडेसतरा मिलिमीटर कमी उंच आहे. दोन्ही कागद शेजारी ठेवले नाहीत तर फरक ध्यानात येत नाही, आणि घोटाळा तेथेच होतो.

तिसरा प्रकार लीगलचा. अमेरिकेचा लीगल साडेआठ बाय चौदा इंच, म्हणजे ३५५.६ मिलिमीटर उंच असतो. पण आपल्या बाजारात लीगल किंवा फुलस्केप म्हणून मिळणाऱ्या रिमवर पुष्कळदा २१५ बाय ३४५ मिलिमीटर असे छापलेले आढळते. नाव एक, माप दुसरे. म्हणून कागदाच्या नावावर भरवसा न ठेवता रिमवरचे आकडे वाचावेत, नाहीतर पट्टी लावून मोजावे.

फरक कोठून येतो?

कॉम्प्युटरवरून छापताना पडद्यावर एक चौकट उघडते. तीत फिट, श्रिंक आणि ॲक्च्युअल साइज असे पर्याय असतात. फिट म्हणजे मजकूर कागदात बसेल असा लहानमोठा करून छाप. श्रिंक म्हणजे मोठा असेल तर आकसून छाप. ॲक्च्युअल साइज म्हणजे आहे तसा, १०० टक्के छाप. झेरॉक्सवाल्याकडे दिवसभर अर्ज, दाखले आणि मुलांची प्रोजेक्टे येतात. त्या कामात फिटनेच सोय होते, म्हणून त्याच्या मशीनवर बहुधा फिटच लावलेले असते. त्यात त्याचा दोष नाही. अर्ज चार टक्के लहान आला तर कोणाचे काही बिघडत नाही. फर्मा चार टक्के लहान आला तर माल बिघडतो.

आता हिशेब पाहा. ए-४ ची फाइल लेटर कागदावर फिट करून छापली तर उंची २९७ ची २७९.४ होते, म्हणजे नक्षी ९४ टक्क्यांवर येते. लेटरची फाइल ए-४ वर फिट केली तर रुंदी आड येते आणि नक्षी ९७ टक्क्यांवर येते. शिवाय प्रिंटर कागदाच्या अगदी कडेपर्यंत छापत नाही. चारही बाजूंना तो तीनचार मिलिमीटर जागा सोडतो आणि फिट करताना तेवढे अधिक आकसतो. त्यामुळे ए-४ ची फाइल ए-४ कागदावरच फिट करून छापली तरी ती ९६-९७ टक्केच येते. कागद बरोबर असला म्हणजे माप बरोबर असेलच, असे समजू नये.

टक्के लहान, नुकसान मोठे

तीन टक्के किंवा सहा टक्के ऐकायला थोडे वाटतात. आपापल्या कामात ते काय करतात ते पाहू.

कुडत्याची तयार छाती ४४ इंच हवी आहे. फर्मा पाव भागाचा, म्हणजे ११ इंचांचा. ९७ टक्क्यांवर तो १०.६७ इंच होतो आणि पूर्ण छाती ४२.७ इंच भरते. ९४ टक्क्यांवर तीच छाती ४१.४ इंच होते. म्हणजे अडीच इंचांहून जास्त कमी. गळा, मुंढा, बाही, शिलाईसाठी सोडलेली जागा, सर्व त्याच हिशेबाने आखडते. म्हणून तुकडे एकमेकांना व्यवस्थित जुळतात, शिवताना मास्टरला काहीच खटकत नाही, आणि कुडता अंगात घातल्यावर मगच समजते.

टोपीचा घेर ५७ सेंटिमीटर धरला तर ९७ टक्क्यांवर तो ५५.३ होतो. एकेका सेंटिमीटरने नंबर बदलणाऱ्या टोपीत हा पावणेदोन नंबरांचा फरक झाला. चपलेचा तळ २६ सेंटिमीटरचा असेल तर ९७ टक्क्यांवर जवळजवळ आठ मिलिमीटर कमी होतो. युरोपच्या नंबरपद्धतीत एक नंबर ६.६७ मिलिमीटरचा आणि इंग्लिश पद्धतीत ८.४७ मिलिमीटरचा असतो. म्हणजे डब्यावर एक नंबर आणि आत दुसराच माल, असे होते.

जरीकामाच्या भावांनी तर अधिकच लक्ष द्यावे. साडीच्या साडेपाच मीटर काठावर १० सेंटिमीटरची बुट्टी बरोबर ५५ वेळा बसते. खाका ९७ टक्क्यांचा निघाला तर बुट्टी ९.७ सेंटिमीटरची होते. मग काठावर ५६ बुट्ट्या बसून शेवटी सातेक सेंटिमीटर जागा उरते. तेथे ना पूर्ण बुट्टी येते, ना जागा रिकामी सोडता येते. खाका सुईने टोचून, त्यावर नीळ किंवा खडू फिरवून छाप एकदा कापडावर उतरला, की मग पुसून काढणे सोपे नाही. ठप्पा-छपाईत हीच गोष्ट लाकडावर कोरली जाते, आणि लाकूड काही परत जोडता येत नाही.

भार कोणाच्या माथी?

काही वर्षांपूर्वी एका व्यवहारात मला पंच म्हणून बसावे लागले. कापड मी पुरविले होते, एवढाच माझा संबंध. बाहेरच्या देशातील गिऱ्हाइकाच्या एजंटाने मुलांच्या कुडत्यांचा फर्मा फाइलवर पाठविला. ठेकेदाराने तो छापून आणला आणि कारागिरांच्या हाती दिला. दीडशे नग तयार झाले आणि सर्वच्या सर्व लहान निघाले. एजंटाने माल नाकारला. ठेकेदाराने सांगितले की, कटिंगमध्ये चूक झाली, तेव्हा नुकसान मजुरीतून वळते होईल. कारागीर बिचारे शपथा घेऊन सांगत होते की, आम्ही कागदाबाहेर कात्री घातली नाही.

बैठकीत एका वयस्क मास्टरने तो कागद मागवला. त्याच्या कोपऱ्यात एक चौकोन होता आणि त्यावर दहा सेंटिमीटर असे लिहिलेले होते. मास्टरने स्टीलची पट्टी लावली. चौकोन नऊ सेंटिमीटर चार मिलिमीटर भरला. कारागिरांची बाजू तेथेच साफ झाली. ज्याने कागद छापून दिला त्याने नुकसान सोसावे, मजुरी पूर्ण द्यावी, असे ठरले आणि ठेकेदारानेही ते मान्य केले. तो चौकोन त्या कागदावर नसता तर आठ-दहा घरांची दोन आठवड्यांची कमाई नाहक गेली असती.

बंधूंनो, म्हणूनच हा विषय केवळ प्रिंटरचा नाही. आपल्या धंद्यात नगावर मजुरी ठरते. कारागिराजवळ सबूत काहीच नसते आणि नुकसान नेहमी खालच्या पायरीवर येऊन थांबते. कागदावर मोजता येईल अशी खूण असणे म्हणजे कारागिराच्या हाती सबूत असणे होय.

छापण्यापूर्वी व छापल्यावर

आता काय करावे, ते क्रमाने सांगतो.

पहिली गोष्ट, फाइल कोणत्या साइजची आहे ते पाहावे. पीडीएफच्या प्रॉपर्टीजमध्ये पेज साइज लिहिलेला असतो. ८.५ बाय ११ दिसले तर लेटर, ८.२७ बाय ११.६९ दिसले तर ए-४ समजावे.

दुसरी गोष्ट, छापताना ॲक्च्युअल साइज किंवा १०० टक्के हेच निवडावे आणि दुकानदाराला तसे स्पष्ट सांगावे. फक्त प्रिंट काढून द्या असे म्हणून भागत नाही. लेटरची फाइल ए-४ वर १०० टक्क्यांनी छापली तर दोन्ही कडांचे मिळून सहा मिलिमीटर बाहेर जातात. फाइलमध्ये चांगला समास सोडलेला असेल तर नक्षीचे काहीच कापले जात नाही. ए-४ ची फाइल लेटरवर छापली तर वरखाली मिळून साडेसतरा मिलिमीटर जातात. तेथे मात्र कडेची रेघ शाबूत आहे की नाही ते तपासावे.

तिसरी गोष्ट, सर्व पाने एकदम छापू नयेत. ज्या पानावर मापाचा चौकोन आहे ते आधी छापावे आणि मोजून मगच पुढे जावे. मोजताना आडवे आणि उभे दोन्ही मोजावे, कारण कागद मशीनमधून ओढला जाताना एखादे मशीन एका दिशेला थोडा फरक करते. कापडी टेपने मोजू नये. टेप वापरून वापरून ताणलेला असतो. स्टीलची पट्टीच घ्यावी.

चौथी गोष्ट, माप चुकीचे आले तर साधा हिशेब आहे. हवे असलेले माप भागिले आलेले माप, गुणिले शंभर. दहाच्या जागी ९.४ आले असेल तर १०६.४ टक्के लावावे लागतील. पण हा शेवटचा उपाय आहे. मूळ फाइल हाताशी असेल तर ती पुन्हा १०० टक्क्यांनी छापणेच बरे.

फाइलवर चौकोन नसेल आणि पट्टीही जवळ नसेल, तेव्हा एक सोपी युक्ती आहे. बँकेचे एटीएम कार्ड जगभर एकाच मापाचे असते, ८५.६ बाय ५४ मिलिमीटर. जे भाऊ स्वतः फर्मे तयार करून दुसऱ्यांना पाठवितात, त्यांनी प्रत्येक फर्म्यावर या मापाची चौकट आखून ठेवावी. शिकागोचा गिऱ्हाईक असो की सोलापूरचा, त्याने छापील चौकटीवर आपले कार्ड ठेवून पाहावे. बरोबर बसले तर फर्मा बरोबर.

दोन्ही कागदांवर चालेल असा फर्मा

परदेशात आणि येथे, दोन्हीकडे एकच फाइल पाठवायची असेल तर रुंदी ए-४ ची आणि उंची लेटरची धरावी, म्हणजे २१० बाय २७९ मिलिमीटर. त्यातून प्रिंटरचा समास वजा करून १९ बाय २५ सेंटिमीटरच्या चौकटीत एकेका पानाची नक्षी बसवावी. अशी फाइल कोणत्याही कागदावर १०० टक्क्यांनी छापली तरी काहीच कापले जात नाही.

मोठा फर्मा अनेक पानांत वाटावा लागतो. समजा कुडत्याचा तुकडा ९५ बाय ३८ सेंटिमीटरचा आहे. रुंदीला १९ प्रमाणे दोन पाने आणि लांबीला २५ प्रमाणे चार पाने, अशी आठ पाने लागतील. प्रत्येक पानावर ओळ आणि क्रमांक लिहावा आणि कोपऱ्यात जुळणीच्या खुणा द्याव्यात. मोठ्या पानाची फाइल असेल तर ॲडोब रीडरमध्ये पोस्टर नावाचा पर्याय असतो. तो पाने आपोआप पाडून देतो. मात्र तेथेही टक्केवारी १०० आहे की नाही ते बघावे.

जोडताना एकाच बाजूची कड कापावी आणि ती शेजारच्या पानाच्या रेघेवर ठेवून चिकटपट्टी लावावी. एका जोडात दोन मिलिमीटर चुकले आणि फर्मा पाव भागाचा असेल, तर तयार कपड्यात आठ मिलिमीटरचा फरक पडतो. सर्व पाने जोडून झाल्यावर दोन्ही कर्ण मोजावेत. दोन्ही सारखे भरले तर जोड सरळ, नाही तर कोठेतरी पान तिरके बसले आहे. काम मोठे असेल तर जोडाजोडीच्या फंदात न पडता प्लॉटरवाल्याकडे जावे. ३६ इंची रोलवर पूर्ण फर्मा एकसंध निघतो. पण चौकोन तेथेही मोजायचाच.

मोबाइलचा फोटो आणि झेरॉक्सची झेरॉक्स

दोन सवयी ताबडतोब सोडाव्यात. फर्म्याचा फोटो काढून व्हॉट्सॲपवर पाठविणे ही पहिली. फोटोत इंच-सेंटिमीटर काही नसते, आणि कॅमेरा थोडा तिरका धरला तरी एक बाजू लहान, दुसरी मोठी येते. फाइल पाठवायची तर ती डॉक्युमेंट म्हणून पाठवावी.

झेरॉक्सवरून झेरॉक्स काढणे ही दुसरी. मशीन दर वेळी दोन टक्के कमी करीत असेल तर तिसऱ्या प्रतीला नक्षी ९४ टक्क्यांवर येते. एक मूळ प्रत जाड गत्त्यावर चिकटवून कापून ठेवावी, तिच्यावर तारीख, साइज आणि शिलाईची जागा धरली आहे की नाही हे लिहावे, आणि प्रत्येक नवीन फर्मा तिच्यावरूनच काढावा. पावसाळ्यात कागद दमट हवेने फुगतो, म्हणून मूळ गत्ता कोरड्या जागी सपाट ठेवावा. गुंडाळी करून कोपऱ्यात उभा करू नये.

आपली जबाबदारी

आपल्या बापजाद्यांच्या काळी कापड गज आणि गिरहमध्ये मोजले जाई. सोळा गिरहचा एक गज, म्हणजे ३६ इंच. पुढे १९५६ च्या कायद्याने देशात मीटर आला. आपल्या कारखान्यांत आजही इंच आणि सेंटिमीटर दोन्ही चालतात. मापे बदलली, पण मापाचा उसूल बदललेला नाही. कुरआनात माप-तोलात कमी देणाऱ्यांबद्दल एक स्वतंत्र सूरह आहे, सूरह मुतफ्फिफीन. हजरत शुऐब अलैहिस्सलाम यांच्या कौमला याच गुन्ह्याबद्दल खबरदार करण्यात आले होते. प्रिंटरने आकसलेला फर्मा हा जाणूनबुजून केलेला धोका नव्हे, हे खरे. परंतु तपासणे आपल्या हातात असताना न तपासणे, आणि नंतर त्याची किंमत गरीब कारागिराकडून वसूल करणे, हे मात्र जाणूनबुजूनच घडते.

म्हणून व्यापारी आणि ठेकेदार बंधूंना विनंती आहे की, फर्मा देताना चौकोन मोजून, कागदावर माप आणि तारीख लिहून, सही करून द्यावा. सूरह बकरामध्ये देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवण्याची ताकीद आहे. तिचाच हा एक छोटा अमल समजावा. कारागीर भावांनाही सांगणे आहे की, कात्री हाती घेण्यापूर्वी पट्टी हाती घ्या. चौकोन नसलेला किंवा कमी भरणारा कागद आला तर अदबीने परत करा. एक मिनिटाचे हे काम आहे. त्यात संकोच वाटण्यासारखे काही नाही. उलट, हा कारखाना मोजून काम करतो, अशी बाजारात साख झाली तर गिऱ्हाईक स्वतः चालत येतो.

मापात सच्चाई राहिली तर रोजीत बरकत राहते. अल्लाह आपणा सर्वांना पूर्ण माप देण्याची आणि मेहनत करणाऱ्याचा पूर्ण हक अदा करण्याची तौफीक देवो. आमीन.